आई हयात असल्याबद्दल

दर शनिवारी संध्याकाळी दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत राक्षसांचा नायनाट होत असे. शेवटचा रुग्ण गाल धरून बाहेर पडला की दाराची पाटी उलटी फिरवली जाई, जुन्या मासिकांचा गठ्ठा टिपॉयवरून जमिनीवर उतरे आणि त्या जागी एक जादूचे राज्य मांडले जाई. कापसाच्या खोक्यांचे डोंगर होते आणि निळ्या हातपुसण्याची नदी होती. ड्रॅगन म्हणून प्लास्टरचा एक मोठा जबडा होता. तो मुळात दात कसे घासावेत हे मुलांना दाखवण्यासाठी आणलेला होता, पण मुले त्याला पाहून रडत, म्हणून त्याची बदली या खात्यात झाली होती.

खेळ तसा साधा. प्रत्येकाने एक शूर पात्र रचायचे, त्याचे बळ, अक्कल, नजर वगैरे एका पत्रकावर गुणांत मांडायचे आणि मग सूत्रधार नेईल त्या गुहेत शिरून फासे टाकायचे. सूत्रधार पोटापाण्यासाठी विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासत असे. माणूस खरोखर मेला आहे की नुसता वारसांच्या सांगण्यावरून मेला आहे, हे कागदावरून ओळखण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्यासोबत दवाखान्याच्या मालकीण डॉक्टरबाई आणि शाळेत गणित शिकवणारे सर खेळत. चौथी खुर्ची रिकामी होती.

तिच्यावर पूर्वी औषधाच्या दुकानातला एक माणूस बसे. त्याने एकदा एक सुखी शेतकरी रचून आणला. बायको प्रेमळ, गाई दुभत्या, पीक भरघोस. गुहेच्या तोंडाशी आल्यावर हा शेतकरी म्हणाला, "आत कशाला जायचं?" या प्रश्नावर खोलीत कुणालाही उत्तर सुचले नाही. पुढचे कित्येक शनिवार सगळे गुहेबाहेर बसून होते. शेवटी त्या माणसाला निरोप देण्यात आला आणि छापील नियमपुस्तकाला घरचा पहिला नियम जोडण्यात आला. ज्याला दुःख नाही, त्याला गुहेत प्रवेश नाही.

एकदा दुःख लागते म्हटल्यावर किती लागते, हे ठरवणे आलेच. अमुक दुःखाला अमुक गुण, असे दर ठरले. अनाथपणाला सर्वांत चांगला भाव होता. गाव जळाल्यास वेगळे गुण, आणि जळताना पात्राने ते टेकडीवरून स्वतः पाहिले असल्यास वाढीव. गुण मिळाले की पात्र बळकट होई. डॉक्टरबाईंच्या वनकन्येचे आईवडील एकाच ड्रॅगनने खाल्ले होते, वडील तर आईचे सामान परत मागायला गेले असताना. त्यामुळे ती एका हाताने किल्ल्याचा बुरूज उपटू शके. सरांनी गणित मांडून पाहिले तेव्हा सावत्र आयांवर मर्यादा नसल्याचे त्यांच्या ध्यानात आले, आणि एका संध्याकाळीच त्यांच्या बुटक्या योद्ध्याच्या सात सावत्र आया ओळीने गेल्या. ती पळवाट बुजवल्यावर सर गावांकडे वळले. बुटक्याचे एक गाव जळाले, तो मामाकडे गेला, तेही जळाले. तिसऱ्या गावाने त्याला वेशीवरूनच हाकलले, आणि त्या अपमानाचेही सरांनी गुण मिळवले.

अशा या मंडळात चष्मेवाला आला. त्याने या गावात दुकान थाटून वर्ष झाले होते. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून पाही, पण दुकानाबाहेर त्याला ओळख देणारे कुणी नव्हते. बायकोला तीन महिन्यांत मैत्रिणी मिळाल्या होत्या. हा मात्र रविवारी खिडकीत बसून समोरच्या इमारतीतले लोक पाहुण्यांना निरोप कसा देतात ते पाहायचा, आणि फार चांगला देतात असे बायकोला सांगायचा. त्यामुळे नंबर तपासून घेताना सूत्रधार भिंतीवरची खालची ओळ वाचता वाचता म्हणाला की आमच्याकडे एक खुर्ची रिकामी आहे, तेव्हा चष्मेवाल्याने त्याच्या चष्म्याला एकदम भारीतली काच बसवून दिली. त्याला ती खुर्ची फार हवी होती.

त्याने तिरंदाज रचला. नजर हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय होता.

"पत्रकात त्रुटी आहे," सूत्रधार म्हणाला. "दुःखाचा रकाना मोकळा आहे."

चष्मेवाल्याने पेन मागून घेतले, जरा विचार केला आणि लिहिले, वडील वारले.

"कशाने?"

"मूत्रपिंडं गेली होती. दोन वर्षं अंथरुणावर होते. शेवटी दवाखान्यातच गेले."

हे त्याच्या स्वतःच्या वडिलांचे होते, कारण दुसरे कुणाचे त्याला इतके माहीत नव्हते. डॉक्टरबाई हळहळल्या. सूत्रधाराने नवा चष्मा नाकावर नीट बसवून दरपत्रक वरपासून खालपर्यंत पाहिले.

"नैसर्गिक मृत्यूला शून्य," तो म्हणाला. "मूत्रपिंडांवर कुणी चेटूक केलं असेल तर सांगा. किंवा दवाखान्यावर राक्षस चालून आले असतील तर."

"नाही. तिथले लोक फार चांगले होते."

"मग माझा नाइलाज आहे. बरं, आई?"

"आई आहे."

"आहे म्हणजे?"

"म्हणजे हयात आहे. गावाकडच्या घरी असते."

सरांनी आपली खुर्ची किंचित लांब सरकवली.

"चष्मेवाले, तुमचा तिरंदाज मग गुहेत जातो कशासाठी?"

"तुम्ही तिघं निघाला होता," चष्मेवाला म्हणाला. "म्हणून तोही निघाला."

सूत्रधाराने पत्रक उलटसुलट करून पाहिले. असा रकाना कुठेच नव्हता.

माणूस सज्जन आहे आणि काचही चांगली बसवतो, म्हणून त्याला तात्पुरते बसू देण्यात आले. पण आई हयात ठेवायची तर तिची तरतूद करणे भाग होते. हयात आई हा बोजा ठरून तिरंदाजाचे चार गुण वजा झाले आणि ते नेमके नजरेतून गेले. त्याचे बाण आता सरांच्या बुटक्याला लागू लागले. मग असाही मुद्दा निघाला की मुलगा गुहेत असताना आई घरी कशी आहे, हे कुणीतरी पाहायला नको का? तेव्हा प्रत्येक फेरीला चष्मेवाल्याने आईच्या क्षेमकुशलाचा वेगळा फासा टाकावा, असा घरचा नवा नियम झाला.

फाशाला वीस बाजू होत्या आणि चष्मेवाल्याचा हात चांगला होता. वनकन्या आणि बुटका जबड्याच्या दाढांशी रक्तबंबाळ होऊन झुंजत असताना मधूनच सूत्रधाराला जाहीर करावे लागे की तिरंदाजाची आई जेवली. पुढच्या फेरीला तिला छान झोप लागली. नंतर एकदा वीस पडले आणि तिची पाठदुखी कायमची थांबली. लढाईचा सगळा रंग जाऊ लागला. डॉक्टरबाईंनी एकदा बुरूज डोक्यावर धरून विचारले की आता तरी आपली पाळी आहे का, तर आई शेजारणीकडे गेल्याचे निघाले.

दोन शनिवार हे सोसल्यावर सूत्रधाराने चष्मेवाल्याला हात धुण्याच्या बेसिनपाशी बाजूला घेतले. त्याने समजुतीच्या सुरात सांगितले की पुढच्या शनिवारपर्यंत आईचा काय तो निकाल लावावा. नाहीतर खुर्चीसाठी त्याच्या कचेरीतला एक जण टपून बसला आहे, आणि त्याचे पात्र जन्माच्या आधीपासून पोरके आहे.

चष्मेवाला घरी आला तो न जेवताच बसला. बायकोने सगळे ऐकून घेतले आणि ती म्हणाली की कागदावरची बाई आहे, खोड आणि मोकळा हो. पण त्याला ते जमेना. पेन उचलले की कागदावरच्या बाईला आईचा आवाज येई. तसा तो खरोखरही येत असे, कारण आई दर शनिवारी संध्याकाळी फोन करी, आणि हल्ली हा उचलत नसे. मंडळाच्या एका नियमाप्रमाणे खेळताना फोन आत डॉक्टरबाईंच्या हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवावे लागत. रविवारी त्याने स्वतःच फोन लावला. आईने हा कसला खेळ म्हणून खोदून खोदून विचारले तेव्हा त्याने सगळे सांगून टाकले.

"अरे, मग मार की मला," आई म्हणाली. तिला कमी ऐकू येई, म्हणून ती मोठ्याने बोले. "किती मिळतात?"

"आई, असं काय बोलतेस?"

"चार माणसं मिळाली आहेत तुला, ती माझ्यापायी घालवू नकोस. जळणं बिळणं नको, मला धग सोसत नाही. दुसरं काय आहे?"

चष्मेवाल्याने चाचरत सांगितले की पुराला बरे गुण आहेत, आणि देह सापडला नाही तर वर आणखी.

"सापडू दे बाई. उगाच लोकांना शोधायला लावू नकोस." मग तिने विचारले, "बाबांचे किती धरले?"

"शून्य."

"एवढं सोसलं त्यांनी, त्याचं शून्य?"

त्या दोन वर्षांत रात्रंदिवस उशाशी बसलेली तीच होती. त्याला त्या क्षणी सूत्रधाराचा, दरपत्रकाचा आणि त्या चौथ्या खुर्चीचा मनापासून राग आला.

"असू दे," आई म्हणाली. "माझे घे."

शनिवारी पूर आला. चष्मेवाल्याने तो वाचून दाखवला, खाली मान घालून. आई नदीकाठी धुणे धूत होती, मुलासाठी कोरडा सदरा तेवढा तिने काठावर उंच ठेवला होता, आणि काठावर सदराच फक्त राहिला. देह पुढे वळणावर सापडला. डॉक्टरबाईंनी रुमाल काढला. कुणी न मागता त्याने देह सापडू दिला, हे पाहून सूत्रधार हेलावला आणि प्रामाणिकपणाचे म्हणून त्याने पदरचे गुण घातले. तिरंदाजाची नजर इतकी वाढली की त्याला गुहेच्या भिंतीपलीकडचे दिसू लागले. सरांनी हात हातात घेऊन अभिनंदन केले, पण सदऱ्याची कल्पना आपल्याला सुचली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. चष्मेवाल्याला त्याचा स्वतःचा कप मिळाला. तो हातात घेऊन बसताना त्याला जितके बरे वाटले, तितके या गावात कधीच वाटले नव्हते.

ड्रॅगनच्या शेवटच्या दाढेवर बाण रोखला असताना आत ट्रेमध्ये फोन थरथरला. स्टीलच्या ट्रेत चिमटे खणखणले. थांबला आणि पुन्हा वाजला.

"तुमचा आहे," दाराशी बसलेले सर वाकून म्हणाले. "आई असं लिहून आलंय."

एकदा उचलला नाही तर तिने पुन्हा कधी केला नव्हता, म्हणजे तिच्या फोनवरून दुसरेच कुणी लावत असावे. फोन तिसऱ्यांदा वाजला आणि थांबला. चष्मेवाल्याच्या हातातला फासा टिपॉयखाली गेला. तो उठेपर्यंत खोलीत चर्चा सुरू झाली होती. खरे दुःख आजवर धरलेले नाही, असे सूत्रधाराचे म्हणणे पडले. पण कागदावरची आई गेली त्याच संध्याकाळी खरी गेली, तर हा योग साधा नाही, एवढे त्याने मान्य केले. सरांनी दुप्पट सुचवले. डॉक्टरबाई डोळे पुसत म्हणाल्या की बिचाऱ्याला तिप्पट द्या.

चष्मेवाल्याने ट्रेमधून फोन उचलून लावला. तो लागला, आणि आवाज साऱ्या खोलीला ऐकू आला.

"अरे, ते पुराचं रद्द कर. मला पोहता येतं. लहानपणी मी तळ्याला फेऱ्या मारायची, सगळ्यांना माहीत आहे. उद्या कुणी चौकशी केली तर तू खोटा पडशील."

चष्मेवाला तिथेच दाराला टेकून खाली बसला. तो हसत होता की रडत होता, हे त्याचे त्यालाही कळत नव्हते. मान वर करून त्याने तिघांकडे पाहिले. नजर तपासणे हा त्याचा धंदाच होता. तीन चेहऱ्यांवर सुटकेचा लवलेश नव्हता, उलट बरी चाललेली लढाई मध्येच थांबल्यासारखे ते बसले होते.

"पोहता येत होतं, ही माहिती तुम्ही दडवलीत," सूत्रधार म्हणाला. "दावा फेटाळावा लागेल."

"हो," चष्मेवाला म्हणाला. "फार चांगलं पोहते ती."

त्याने कप बेसिनमध्ये धुऊन पालथा ठेवला, तळ्यात फेऱ्या किती मारायचीस म्हणून आईला विचारले आणि तिचे उत्तर ऐकत पायऱ्या उतरून गेला.

चौथी खुर्ची पुन्हा रिकामी आहे. कचेरीतल्या त्या पोरक्या पात्राच्या मालकाला मंडळाने घेतले नाही, त्या पात्राची आई नैसर्गिक मृत्यूने, सांगून सवरून गेल्याचे निघाले. पत्रक भरून घेण्याच्या भानगडीत सूत्रधार आता पडत नाही, तो थोडक्यात विचारतो. ट्रेमधला फोन तिसऱ्यांदा वाजून थांबला तेव्हा तुम्ही मनात काय धरले होते? आणि म्हातारी ठणठणीत निघाल्यावर, खरे सांगा, गोष्ट जरा पडली असे वाटले की नाही? वाटले असेल तर तुम्हाला आणखी काही सिद्ध करावे लागणार नाही. शनिवारी शेवटचा रुग्ण गेल्यावर या, फोन ठेवायला आत ट्रे आहे.