तपासणाऱ्याची सही

"ड्रॉइंग असं पाहिजे की कारागिराने तोंडच उघडता कामा नये," असं रंगनाथराव महिनाभर सांगत होते आणि विजयमालाबाई मांडीवर ताट घेऊन ऐकत होत्या. कारण जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंगबोर्ड होता.

ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्यावर रंगनाथरावांनी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाफेवर चालणारं हातभर लांबीचं पितळी इंजिन करायला घेतलं होतं. बाल्कनीतल्या छोट्या लेथने पोळ्यांपासून परकरांपर्यंत सगळ्यांत पितळेचा कीस पोचवला होता. रविवारी इंजिन बघायला त्यांचे जुने साहेब अनंतराव येणार होते. तीस वर्षं रंगनाथरावांच्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने चुकांचे गोल करणारे ते हेच. या वेळी एकही गोल होऊ द्यायचा नाही, एवढीच रंगनाथरावांची इच्छा उरली होती.

सिलिंडर घरच्या लेथवर मावेना, म्हणून वारज्याच्या वर्कशॉपवाल्या संभाजीला ड्रॉइंग दिलं. त्याने लगेच तोंड उघडलं.

"काका, कागदावर नुसत्या सूचनाच दिसत्यात. यंत्र कुठंशी हाय?"

सून ऋतिका खराडीच्या एका ऑफिसात अमेरिकन कंपन्यांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करायची. "द्या बाबा, मी क्लीन करून देते. अर्ध्या तासाचं काम."

दुसऱ्या दिवशी कसा लख्ख कागद आला. रंगनाथराव तो घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"इथे सही कर. 'तपासणार'."

"मी? तुम्हीच तपासा की."

"काढणाऱ्याने स्वतः तपासायचं नसतं. नियम आहे."

"अहो, काढलंय ऋतिकाने."

"तिने गिरवलंय. काढलंय मी."

विजयमालाबाईंनी कणकेचे हात पुसले, चष्मा लावला. "तुमच्या कागदावर हे भोकाचं चित्र उजवीकडे होतं. इथे डावीकडे कसं गेलं?"

"चित्र नाही, व्ह्यू म्हणतात. ड्राफ्ट्समनशी संसार करून एवढंही कळू नये?"

"पण गेलं कसं?"

"सही कर. संभाजी खाली खोळंबलाय."

त्यांनी सही केली. शेजारी पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलं.

रविवारी अनंतराव यायच्या अर्धा तास आधी सिलिंडर आला. तो बसवण्यात दहा मिनिटं गेली, पितळ चकाकवण्यात वीस. अनंतराव पांढऱ्या शर्टात सोफ्यावर टेकले. चाक फिरलं. रंगनाथरावांची छाती फुगली. आणि वाफ सोडायचं भोक, जे बाल्कनीकडे असायला हवं होतं, ते सोफ्याकडे तोंड करून कोमट, काळं, तेलकट पाणी थुंकलं.

"बाबा, अमेरिकेत डाव्या बाजूचा व्ह्यू डावीकडेच काढतात," ऋतिका हळूच म्हणाली. "कोपऱ्यात तशी खूण केलीय ना."

"आपण उजवीकडे काढतो!"

संभाजीनेही इथल्याच पद्धतीने वाचलं होतं: चित्र डावीकडे, म्हणजे बाजू उजवी. भोक बरोबर उलट्या बाजूला.

अनंतरावांनी चेहरा पुसला, ड्रॉइंग मागवलं आणि खिशातून लाल पेन्सिल काढली. ती ते अजूनही खिशात बाळगत.

"तपासलं कोणी?"

"हिने," रंगनाथराव चटकन म्हणाले. महिन्याभरात एवढं सुटल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

अनंतरावांनी सहीशेजारचं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं. "'हे चित्र डावीकडे का गेलं? विचारलं. उत्तर मिळालं नाही.'"

इंजिन तेवढं पचपचत होतं.

"रंगनाथ," अनंतराव म्हणाले, "तीस वर्षं आपण खात्यात चुकीचा माणूस ठेवला होता." आणि कागदावर गोल न करता त्यांनी पेन्सिल पुन्हा खिशात ठेवली.

पाहुणे गेल्यावर रंगनाथराव मुकाट्याने फडकं घेऊन सोफा पुसायला वाकले. डागाभोवती कोणीतरी शिवणाच्या लाल खडूने चांगला ठळक, वाटोळा गोल करून ठेवला होता.