पेटीपुढचं गाऱ्हाणं

मारुतीराव मुकादमांचा हिशेब सरळ होता. तंबाखूच्या वखारीत बायकांची संघटनेबद्दल कुजबुज सुरू झाली होती. ती थांबवली की मालक खूश, आणि मालक खूश की रिकामी पडलेली दिवाणजीची जागा आपली. खर्च काय, तर एक जुनी लाकडी पेटी, तिच्या तोंडाला जाळी आणि भिंतीत शिरून कुठंच न जाणारी वायर.

साल आणीबाणीचं. निपाणीत लोक चहा पितानाही मागं वळून बघायचे. पेटी भिंतीवर ठोकून मुकादमांनी जाहीर केलं, की इथं बोललेलं सगळं मालकांना ऐकू जातं.

बायका गप्प झाल्या. एरवी तंबाखूबरोबर सासवा, जावा, नणंदाही चाळल्या जायच्या. आता नुसती चाळण्यांची सरसर आणि मधूनच खोकला, तोही पदरात. मुकादम आधी सुखावले. मग ध्यानात आलं, की आपल्याला बातम्या मिळायच्या त्या याच बडबडीतून. पुढारीण कोण, असं मालकांनी विचारलं तर सांगायचं काय? त्या शांततेत त्यांना स्वतःच्या चपलांचा आवाजही दुसऱ्याच कुणाचा तरी वाटू लागला. घरी ते हळू बोलायला लागले. गळा बसलाय काय, असं बायकोनं, जयाबाईनं, विचारलं, तर त्यांनी आधी भिंतीकडं बघितलं.

मंगळवारी कोंडाबाई, वखारीतली सगळ्यांत जुनी बाई, पेटीखाली नारळ ठेवून हात जोडून उभी राहिली. ऐकणारा आहे म्हटल्यावर गाऱ्हाणं घालायचं, ही इकडची रीतच. ओठ हलले, आवाज नाही. मागोमाग शेवंताबाई, मग सगळी ओळ. जाताना प्रत्येकीनं मुकादमांकडं एकदा बघितलं.

मुकादमांनी कोंडाबाईला बाजूला घेऊन काय मागितलं ते विचारलं.

"ज्याला सांगायचं त्याला सांगिटलंय," ती म्हणाली. "तुमाला कशाला पायजे, आण्णा?"

मुकादमांना जेवण जाईना. पेटी पोकळ आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण एवढ्या जणींनी सांगितलेलं त्या पोकळीत जातं कुठं?

शनिवारी मालक आले. पेटीला बायकांनी लावलेलं हळदीकुंकू बघून त्यांनी गमतीनं जाळीला कान लावला. चाळण्या थांबल्या. कान तसाच ठेवून मालक मुकादमांकडं बघून हसले.

"मारुतीराव, लई काय काय कळतंय की हितनं."

मुकादमांनी जाळीपुढंच हात जोडले. "पिशवीभरच नेतो, मालक. तेबी बाजारादिवशीच. पोरीच्या लग्नापायी…"

मालकांचा कान जाळीवरून निघेना. "कसली पिशवी?"

शेवटी कोंडाबाईच बोलली. "आम्ही तर पाण्याचा माठ मागितलता, मालक."

माठ आला. मारुतीराव आता पोती वाहतात. दिवाणजी म्हणून मालकांचा भाचा बसला. पेटी उतरवायला कुणी धजलं नाही, आणि तिच्याखालून जाताना मालकही बोलणं अर्धवट सोडतात. बायकांना गार पाणी मिळालं, मालकांना तंबाखूच्या वजनात येणाऱ्या घटीचा पत्ता लागला. माठाचे पैसे तेवढे मारुतीरावांच्या पगारातून कापले गेले.