पाळण्यातलं अंडं

डायनासोरच्या बाबतीत अख्ख्या धावडा गावात माझा हात धरणारा कुणी नाही! बाकी कशाचीच खात्री मी देत नाही, स्वतःच्या सहीचीसुद्धा नाही.

भूगर्भशास्त्र शिकायचं राहून गेलं आणि मी शाळामास्तर झालो. तीस वर्षं पुस्तकातल्या चित्रांवरून बोट फिरवलं. एकदा तरी खरं काही हाताला लागावं, एवढीच इच्छा. आणि निवृत्तीनंतर, त्र्याण्णव साली, ओढ्यात मला डायनासोरचं अंडं सापडलं! वीतभर, लांबट, गुळगुळीत. औरंगाबादच्या एका प्राध्यापकांना चार पत्रं लिहिली; तीन फाडली, एक पोस्टात टाकलं. ते चक्क आले!

आणि कपाटात अंडं नाही.

"अगं, अंडं कुठंय?"

"शेजारी झुंबरबाईला दिलं," माझी बायको गोजर म्हणाली. "नातवाचं बारसं हाय. तिचा वरवंटा फुटलाय. लेकराच्या आधी पाळण्यात वरवंटा घालावा लागतो का न्हाई?"

"ते साडेसहा कोटी वर्षांचं आहे!"

"मंग चांगलंच की! लेकराला तेवढं आयुष्य लाभंल."

मी धावलो. मागून प्राध्यापक. अंगणात बायका पाळणा म्हणत होत्या आणि पाळण्यात माझं अंडं! डोक्याला टोपडं, वर काजळाची तीट!

"झुंबरबाई, साहेबांना जरा पाहू द्या."

"पाहा की! पर टोपडं आणलं का नवं?"

प्राध्यापकांनी भिंग लावलं.

"गुरुजी," ते हळूच म्हणाले, "साधा काळा दगड आहे. पाण्यानं घासलेला."

"मला वाटलंच होतं," मी म्हणालो. अजिबात वाटलं नव्हतं.

त्यांना दया आली असावी. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत कापसावर नखाएवढी खपली. "हे खऱ्या अंड्याचं कवच. गुजरातेतलं. घ्या हातात."

घेतलं! आणि हात असा थरथरला, की खपली उडाली ती थेट घुगऱ्यांच्या परातीत!

"कुणी खाऊ नका!" जन्मात पहिल्यांदा मी ओरडलो.

'कट्!' झुंबरबाईचा नवरा कडूबा तोंड वाकडं करून उभा.

"घुगऱ्या नीट निवडत जा गं! खडा हाय!"

"थुंक, कडूबा! थुंक!"

"गिळला की, गुरुजी!"

प्राध्यापकांना एसटीपर्यंत सोडायला गेलो. शेवटी धीर करून विचारलं, "साहेब, ते कवच माझ्या हातावर साधारण किती वेळ होतं?"

"दोन सेकंद," ते म्हणाले.

मला जास्त वाटलं होतं.