स्तोयान आधी मरतो

कादंबरी सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच नायक मेला. नेटी कुझिकने ट्रकचा वेग कमी केला आणि सीडी प्लेयरचा आवाज वाढवला.

धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली, विधवा झालेल्या राइनाने कबरीवर वाइन ओतली, गाव घरोघर पांगलं. आणि पुढच्याच प्रकरणात तोच स्तोयान स्वयंपाकघरात बसून सूप पीत होता. राइना त्याला विचारत होती, "मीठ घालू का अजून?"

"वा!" नेटी रिकाम्या ट्रकमध्ये ओरडली. "मेलेला नवरा सूप पितोय आणि ही बाई मीठ विचारतेय! याला म्हणतात लिहिणं!"

लिहिणं म्हणजे काय हे जाणून घेण्याची नेटीला निकड होती. डॉफिनच्या शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून ती आपल्या आजीवर कादंबरी लिहीत होती. आजी परास्का तरुणपणी युक्रेन सोडून कॅनडातल्या मॅनिटोबात आली, दलदलीत खोपट उभारलं, आठ मुलं वाढवली. विषय भरभक्कम होता, पण कादंबरी काही केल्या हलत नव्हती. पहिली ऐंशी पानं आजी जहाजातच होती आणि त्यातली निम्मी पानं तिला उलट्या होत होत्या. अशात लायब्ररीतल्या वाचनगटाने यंदा देशोदेशींच्या कादंबऱ्या वाचायचं ठरवलं, तसा नेटीने मनाशी पण केला. दर पुस्तकातून एक युक्ती उचलायची आणि बर्फ वितळायच्या आत आजीला कागदावर नीट उतरवायचं.

या खेपेला पाळी होती एका बल्गेरियन कादंबरीची. नेटीची मावशी तासाभराच्या अंतरावर वृद्धाश्रमात होती आणि नेटी तिला वरचेवर भेटायला जाई. वाटेत ऐकायला म्हणून तिने पुस्तकाऐवजी सीडींचा संच घेतला आणि सगळ्या सीडी एकदमच प्लेयरमध्ये भरल्या. तिकडचा रस्ता इतका सरळ की वळण हवं असेल तर ते कादंबरीतच शोधावं लागे.

या कादंबरीत वळणांना तोटा नव्हता. स्तोयानची मुलगी शाळेतून रडत आली आणि मग पाळण्यात झोपली. खेचर विकलं गेलं, नंतर त्याने स्तोयानच्या भावाला लाथ मारली, आणि त्यानंतर दोघं भाऊ ते विकत घ्यायला बाजारात गेले. नेटी घरी आली ती वेगळीच बाई होऊन.

"ओरेस्ट, मी इतकी वर्षं चुकत होते," तिने नवऱ्याला सांगितलं. "मी आजीला आधी जन्माला घातलं, मग मोठं केलं."

"मग कसं करायचं असतं?" ओरेस्टने टीव्हीवरच्या हॉकीवरून नजर न काढता विचारलं.

"तुला नाही कळायचं."

वाचनगटाच्या बैठकीला पाच जणं जमली. लायब्ररीच्या मागच्या खोलीत कॉफी होती, सस्कटून नावाच्या रानबेरीचं सारण भरलेली पाई होती, आणि भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका सिग्रुन बियारनासन होत्या. पुस्तकात पेन्सिलीने खुणा करून येणाऱ्या त्या एकट्याच.

"शेवटी स्तोयान मरतो तिथे मला फार वाईट वाटलं," सिग्रुन म्हणाल्या.

"शेवटी?" नेटी हसली. "सिग्रुनताई, तो पहिल्यापासूनच मेलेला आहे."

"काहीतरीच काय! दोनशे पानं तो मधमाश्या पाळतोय."

"मेल्यावरही पाळतोय! तीच तर लेखकाची कमाल. घरातल्या कुणालाच त्याचं आश्चर्य वाटत नाही. आपण मेलेल्या माणसांबरोबर असंच राहत असतो की नाही? त्यांना मीठ विचारत?"

नुकत्याच विधुर झालेल्या मरे पोलक यांनी चमचा खाली ठेवला.

"मला ते आधीपासूनच जाणवत होतं," ते खोल आवाजात म्हणाले. मरे यांनी पुस्तकाची मागची बाजू तेवढी वाचली होती.

"आणि ते खेचर?" ज्यांनी तेवढीही वाचली नव्हती अशा एका बाईंनी विचारलं.

"खेचर म्हणजे काळ," नेटी म्हणाली. "पुढे ओढलं की मागे जातो."

यावर सगळ्यांनी पाईचा दुसरा तुकडा घेतला. सिग्रुन मात्र पुस्तक उलटंसुलटं चाळत राहिल्या आणि कुणाचा निरोप न घेता घरी गेल्या.

त्या उत्साहात नेटीने आपलं हस्तलिखित जेवणाच्या टेबलावर मांडलं. प्रकरणं वेगळी केली आणि डोळे मिटून पत्ते पिसावेत तशी पिसली. आता आजीचं लग्न तिच्या बारशाच्या आधी आलं, आणि सुरुवातीला आला तो टोळधाडीचा दिवस, ज्यात आजी भर शेतात उभी राहून आभाळाला शिव्या देते. जहाज कुठेतरी मागे जाऊन पडलं. विनिपेगच्या संपादक आयलीन त्रेंबाख लायब्ररीत यायच्या होत्या आणि गावातल्या होतकरू लेखकांचं लेखन आधी वाचून त्यावर बोलणार होत्या. नेटीने तो गठ्ठा बांधून त्यांच्याकडे रवाना केला.

दुसऱ्याच दिवशी सिग्रुनचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"नेटी, मी पुस्तक पुन्हा वाचलं. तू म्हणालीस ते खरं आहे गं."

"हो?"

"तो सूप अर्धं टाकून उठतो. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं! आणि कुत्रं त्याच्यावर भुंकत नाही. चाळीस वर्षं मी मुलांना नकाशे वाचायला शिकवलं, आणि माझ्यासमोरून एक मेलेला माणूस चालत गेला. मी यावर निबंध लिहायला घेतलाय."

नेटी आठवडाभर हवेत होती. मग ओरेस्टला कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाच्या, सामन्याला सोडायला ती ट्रक घेऊन निघाली. त्याने आपली पोल्का नाचगाण्यांची सीडी घातली. एक गाणं झालं, दुसरं सुरू झालं.

"हे तर शेवटचं गाणं ना?" नेटी म्हणाली. "हे एवढ्यात कसं लागलं?"

"मी ते बटण दाबून ठेवलंय. गाणी उलटसुलट लागतात. नाहीतर कर्लिंगच्या मैदानापर्यंत रोज तीच दोन गाणी ऐकावी लागतात."

नेटीने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला.

"कधीपासून दाबलंय?"

"ट्रक घेतला तेव्हापासून. का गं? अशी पांढरी का पडलीस?"

नेटीने कपाळ स्टीअरिंगवर टेकलं, तसा हॉर्न वाजला. स्तोयान बिचारा शेवटीच मेला होता. खेचर आधी विकत घेतलं होतं, मगच विकलं होतं. आणि सिग्रुन निबंध लिहीत होत्या.

"कुणाला सांगू नकोस, म्हणजे झालं," सगळं ऐकून ओरेस्ट म्हणाला.

"सांगणार. सगळ्यांसमोर सांगणार," नेटी म्हणाली. शाळेच्या ऑफिसात उभी हयात तिने पोरांकडून खरं वदवून घेतलं होतं. तिला आता मागे हटता येणार नव्हतं.

आयलीन त्रेंबाख आल्या त्या दिवशी मागची खोली भरून गेली होती. नेटी कोट न काढताच उभी राहिली आणि ट्रक, बटण, पोल्का, सगळं सांगून मोकळी झाली. "स्तोयान सरळ साध्या माणसासारखा शेवटी मरतो. मी चुकले. सिग्रुनताई, माफ करा."

सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

"किती विनय!" मरे म्हणाले.

"अहो, विनय नाही! बटण!"

"बटण असेल," सिग्रुन शांतपणे म्हणाल्या. "पण सूप? सूप काय बटणाने अर्धं टाकलं?" त्यांनी निबंधाच्या प्रती वाटायला सुरुवात केली.

नेटीने घाईघाईने संपादकबाईंना कोपऱ्यात गाठलं. "माझी पानंसुद्धा मी अशीच पिसून पाठवलीत. परत द्या. मी क्रमाने लावून पाठवते."

"क्रम बिघडलाय हे कळलं मला," आयलीनबाई म्हणाल्या. "टोळधाडीपासून सुरुवात छान झालीये, ती राहू द्या. जहाज बुडवा. पण खरी अडचण क्रमाची नाहीच."

"मग?"

"तुमची आजी फार चांगली आहे हो. एवढ्या पानांत एकदासुद्धा चुकत नाही. टोळांना शिव्या देते तेवढा एकच क्षण ती मला भेटली. बाकी सगळीकडे तुम्ही तिच्यापुढे उभ्या आहात, तसबीर पुसत. खरं सांगा, तिने कधीच काही वाकडं केलं नाही?"

वाकडं? आजीचा एक किस्सा घरात सगळ्यांना ठाऊक होता, आणि तो बाहेर जाऊ द्यायचा नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तो छापला तर नेटीची चुलत बहीण नादिया आयुष्यात पुन्हा तोंड दाखवणार नव्हती.

घरी येऊन तिने बूटही नीट काढले नाहीत. टेबलावरचं सगळं बाजूला सारलं, कोरा कागद ओढला आणि लिहिलं : 'माझ्या आजीने फादर हावरिलोंचं बदक चोरलं, आणि ईस्टरला त्यांनाच जेवायला बोलावून ते वाढलं.'

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं, पण खोडलं नाही. तेवढ्यात ओरेस्ट पाणी प्यायला आला आणि तिच्या खांद्यावरून वाचू लागला. तो ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला.

"मग?" तो म्हणाला. "त्यांना कळलं?"

नेटीने वळून पाहिलं. इतक्या वर्षांत या कादंबरीबद्दल त्याने पुढचं काही विचारल्याची तिला आठवण नव्हती.

"पिरोगी फ्रीजमध्ये आहेत, तुझं तूच गरम करून घे," ती म्हणाली. "आणि जाताना दार लावून घे. फादर आत्ता कुठे जेवायला बसलेत."