चोलपोन ओरडत नाही

"पोर सांभाळणारीला ससाणा सांभाळणं ते काय मोठंसं!" असं मी भर अंगणात म्हणून बसले. तेही सासऱ्यांसमोर! आवाज अर्थात खाली ठेवून.

झालं असं, की उन्हाळ्याच्या तोंडाशी सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला देवदारावर चढवलं आणि घरट्यातून ससाण्याचं पिल्लू उतरवून आणलं. कापसाचा गोळा आणि त्याला चिकटवलेले दोन रागीट डोळे. मादी होती. नाव ठेवलं चोलपोन.

"सूनबाई, घरट्यातलं पिल्लू म्हणजे काचेचं भांडं," सासरे म्हणाले. "मांस देणारा हात एकदा दिसला, की माणूस म्हणजे आपली आई, असं त्याच्या डोक्यात बसतं. मग माणूस दिसला की ओरडायचं! जन्मभर!"

"तुमच्या मागच्या ससाण्यासारखं ना?" कुंपणापलीकडून शेजारचे जुमाकादिरकाका ओरडले. ससाणे तेही पाळतात, त्यामुळे कान कायम आमच्याकडे. "अहो, त्याच्या किंकाळ्यांनी माझी गाय आटली होती!"

सासऱ्यांचे कान लाल झाले. काका अगदीच खोटं बोलत नव्हते. तो ससाणा हातावर बसून असा किंचाळायचा, की खोऱ्यातले ससे आधी घरी जाऊन, बिळाचं दार लावून मग गवत खात! शेवटी सासऱ्यांनी त्याला सोडून दिलं होतं.

"हा शेवटचा," ते हसत म्हणाले. "हीसुद्धा ओरडली, तर हातमोजा खुंटीला टांगतो."

हसत म्हणाले खरे. पण नंतर ओसरीवर बसून त्या जुन्या कातडी हातमोज्याला तेल लावत होते. दूध पाजल्यावर मी माझ्या लेकीच्या, बेगिमायच्या पाठीवरून हात फिरवते ना, अगदी तसे. मला बघवेना. म्हणून ती बढाई!

मग आमच्या घरचे सगळे मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर गेले. तिथे कुत्री, पोरं, येता-जाता हातात हाड घेऊन फिरणारी माणसं. पिल्लाला ती हवा नको, म्हणून चोलपोन खाली माझ्याकडे राहिली. मी, तान्ही बेगिमाय आणि चोलपोन.

सासऱ्यांचे नियम सोपे होते. खोलीत पडद्यासारखा आडवा टांगलेला लोकरीचा जाड नमदा, त्याला खाली फट. पिल्लाला भूक लागायच्या आत फटीतून मांस सरकवायचं, हात दिसू द्यायचा नाही. माणसांची सवय व्हावी म्हणून रोज तिच्याजवळ बसायचं, पण रिकाम्या हाताने. आणि मांस सरकवताना नमद्यामागून सासऱ्यांची शिकारीची हाक द्यायची, "कुईत! कुईत!" म्हणजे पुढे त्या हाकेला ती हातावर येईल.

सगळं केलं. फक्त ती हाक...

आता तुम्हीच सांगा! आमच्याकडे सून सासऱ्यांचं नाव घेत नाही, त्यांच्यासमोर आवाज चढवत नाही. तिने त्यांचीच हाक गावभर ठोकायची? आणि कुंपणापलीकडे जुमाकादिरकाका! पहिल्या दिवशी मी डोक्यावरच्या रुमालात तोंड घालून "कुईत" म्हटलं. ते मलाच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तेवढंही सोडलं.

बाकी बेत झकास! बेगिमाय रडली की मी उठायचे, आधी फटीतून मांस सरकवायचे, मग तिला पाजायचे. एका फेरीत दोन्ही पोटं! आणि बेगिमाय इतक्या वेळा रडायची, की चोलपोनला भूक लागायला सवडच मिळायची नाही.

पानं पिवळी पडताना मंडळी खाली आली. चोलपोन मोठी झाली होती, देखणी झाली होती आणि मुकी होती! सासऱ्यांनी हातावर घेतलं, तरी चोच बंद. रोज संध्याकाळी ते अंगणात तिला दोरी बांधून हाक मारत आणि ती सुळकन येऊन हातावर बसे. संध्याकाळी बेगिमायचं रडगाणंही चालूच असे. त्याकडे कोण लक्ष देतो!

"सुनेने ससाणा घडवलाय!" सासरे गावभर सांगत सुटले. मी मान खाली घालून हवेत तरंगत होते.

मग दोरी सोडायचा दिवस आला. टेकडीवर सगळे वडीलधारे जमले. सासूबाईंच्या कडेवर बेगिमाय, पोट भरलेली, खुशीत. सासऱ्यांनी हात उंचावला. चोलपोन उडाली आणि सरळ पॉपलरच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसली.

"कुईत! कुईत!"

चोलपोनने पंख चोचीने साफ केला.

मांस दाखवून झालं, शिट्टी वाजवून झाली. ती डोंगराकडे बघत बसली.

"खरंच शांत आहे हो!" जुमाकादिरकाका म्हणाले. "इतकी शांत, की हाकेला ओसुद्धा देत नाही!"

ऊन उतरायला लागलं. डोंगरापलीकडे गेली की गेलीच. सासरे उचललेला हात काही खाली घेईनात. तेवढ्यात बेगिमायच्या नाकावर माशी बसली आणि तिने भोकाड पसरलं.

सर्रकन बाण सुटावा तशी चोलपोन आली आणि सासूबाईंच्या डोक्यावर बसली!

"अगं बाई! काढा हिला! माझा नवा रुमाल!"

आजीच्या डोक्यावर उगवलेला पक्षी बघून बेगिमाय खदखदून हसली. रडणं थांबलं. चोलपोनने जरा वाट पाहिली. मांस नाही. परत पॉपलरवर.

सासरे सावकाश माझ्याकडे वळले. "सूनबाई, चारताना माझी हाक देत होतीस ना?"

मी मानेनेच नाही म्हटलं आणि बेगिमायकडे बोट दाखवलं.

"रडवा पोरीला!" कोणीतरी म्हणालं. सासऱ्यांनी डोळे वटारले, ती हसली. काकांनी मिशा फेंदारल्या; ती हसून उचकी देऊ लागली.

"बारीकसा चिमटा..." काका म्हणाले.

"माझ्या नातीला हात लावून तर बघा!" सासूबाई गरजल्या.

सूर्य कड्याला टेकला. सासऱ्यांनी एकदा पॉपलरकडे पाहिलं, एकदा हातमोज्याकडे. डोक्यावरची उंच पांढरी टोपी काढून माझ्या हातात दिली. हात वर केला, डोळे मिटले आणि अख्ख्या गावासमोर त्या दाढीवाल्या माणसाने सूर लावला, "ट्यांऽऽ! ट्यांऽऽऽ!"

चोलपोन आली. हातमोज्यावर बसली. गप्प!

काका गवतावर लोळत होते. सासऱ्यांनी तिला मांसाचा तुकडा दिला, तिची पाठ एका बोटाने कुरवाळली आणि मला म्हणाले, "टोपी दे. आणि सूनबाई... पक्षी खरंच ओरडत नाही हं."

हातमोजा खुंटीला गेला नाही. रोज टेकडीवरून "ट्यांऽऽ" ऐकू येतं आणि गावातल्या समस्त आया हातातलं पीठ टाकून आपापल्या पाळण्याकडे धावतात. पक्षी मुका, मालक ओरडतो!

थांबा हं, आत्ताही ऐकू येतंय. बेगिमाय उठली की सासरे शिकारीहून आले, कळत नाही. बघते. कोणीही असो, भूक लागलीय एवढं नक्की!