आधी वजन पाहा

निमजे काकाजी कोणाच्याही घरी गेले की आधी भांडं वाजवून पाहायचे, मग माणसाकडे. आम्ही भंडाऱ्यात त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्यांना नव्या कोऱ्या स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. त्यांनी पेला हातावर तोलला, बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कान लावला आणि पाणी न पिताच तो खाली ठेवला. "बाई," ते म्हणाले, "हा पेला नाही. हा पेल्याचा फोटो आहे."

'बाई' म्हणजे मी. तुमसरच्या एका शाळेत शिकवायची, रोज एस.टी.नं जायची-यायची, आणि माझा राग नाकावर असतो असं घरचे म्हणतात. त्या दिवशी तो डोक्यातच गेला. माहेरचा सेट होता हो तो! पण संध्याकाळी काकाजी आपल्या घरून एक पितळी पेला घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवून म्हणाले, "आधी वजन पाहा, बाई. मंग रागवा." आता कबूल करायला जिवावर येतं, पण तो पेला हातात असा बसला की खाली ठेववेना. काठ इतका निगुतीनं वळवलेला की ओठाला कुठं धार लागत नव्हती.

काकाजींच्या घरी पूर्वी हातमाग होते. लुगड्याचा पदर अंगठा आणि बोटात धरून ते सुताची जात सांगायचे. मग माग बंद पडले, काकू वारल्या, मूलबाळ नव्हतंच. हात रिकामे राहिले आणि त्या हातांना काहीतरी तपासायला हवंच होतं. म्हणून काकाजी जुन्या सामानाच्या दुकानांत जायला लागले. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, आणि त्याचाही राग ते भांड्यांतच काढायचे. "सगळं पातळ करून राहिले, बाई. पत्रा पातळ, काठ पातळ. जिल्हा होता चांगला जाडजूड, त्याचे बी दोन केले."

त्यांच्या घरात कोळशाची इस्त्री होती, तराजू होता, पितळी स्टोव्ह होते आणि भिंतीवर एकाहून एक जबरदस्त कुलपं टांगलेली होती. दाराला मात्र सुतळी. मी विचारलं, "काकाजी, एवढी कुलपं असून दार सुतळीनं बांधता?" तर डोळे मोठे करून म्हणाले, "असं कुलूप बाहेर टांगू? कोणी चोरून नेलं तं?"

बाजारात एका शेठचं भांड्यांचं दुकान होतं. लोक घरची जुनी भांडी मोडीत द्यायचे आणि नवी घेऊन जायचे. ती मोड मागच्या खोलीत पडायची आणि पोती भरली की भट्टीत वितळायला जायची. या भट्टीनं काकाजींची झोप घालवली होती. एखादी वस्तू मनात भरली की ते तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे, भलत्याच चिमट्याची चौकशी करायचे आणि काही न घेता घरी यायचे, का तर शेठला सुगावा लागू नये. मग सुरू व्हायची तळमळ. "बाई, कोणी नेला असन का? भट्टी आज तं नाही पेटली?" सकाळी मी बसस्टँडवर निघाले की मागून हाक यायची, "सहज डोकावून पाहा नं, आहे का तिथंच."

सहज म्हणे! मी शाळेची बस चुकवून मोडीच्या ढिगात डोकावायची. आणि काय सांगू, हळूहळू मलाही ते खूळ लागलं. एकदा पितळेचा एक डबा सापडला. झाकण नुसतं वर ठेवलं, तर ते आतली हवा दाबत, आपलं आपण, सावकाश खाली बसत गेलं. मी तिथंच उकिडवी बसून ते पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिले. कोण्या कारागिरानं किती जीव ओतला असेल त्यात! काकाजी शेजारी उभे राहून हसत होते. असं चांगलं घडवलेलं काही सापडलं की दोघांचे चेहरे दिवसभर उजळलेले असायचे. घरी नवरा म्हणायचा, एक होता तो कमी होता का.

दिवाळीनंतरची गोष्ट. रविवारी आम्ही दोघं दुकानात गेलो, तर ढिगाखाली एक गुंड दिसला. गुंड म्हणजे आमच्याकडचा पाण्याचा पितळी हंडा, दुसरं काही मनात आणू नका. काकाजी पाठ करून उभं राहायचंही विसरले. दोन्ही हातांनी गुंड ओढून काढला, उचलला, टिचकी मारली. आवाज असा लांबत गेला की काकाजींनी बोट वर करून मला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही. "वजन पाहा, बाई! वजन!" लहान पोरासारखे खूश झाले होते. मग नाव पाहायला त्यांनी काठाजवळची काजळी अंगठ्यानं घासली. लग्नात भांडं दिलं की त्यावर छिन्नीच्या ठिपक्यांनी नाव घालून द्यायची आपल्याकडे रीत आहेच. ते वाचलं आणि काकाजी मटकन पोत्यावर बसले.

मला वाटलं, छातीत कळ आली. मी पाणी पाणी म्हणून ओरडले. तेव्हा त्यांनी गुंड माझ्याकडे वळवला. त्यावर होतं, 'शेवंता हिस, भाऊ नत्थू याजकडून.' नत्थू म्हणजे काकाजीच. शेवंता त्यांची एकुलती एक धाकटी बहीण, तुमसरपलीकडच्या बपेरा गावी दिलेली. तिच्या लग्नात काकाजींनीच हा गुंड खास घडवून घेतला होता.

"शेठ, हा कुठून आला?" मी विचारलं.

"तुमसरकडून पोतं आलं होतं, बाई. कोणाचं काय, मले काय माहीत?"

मोडीचे पैसे देऊन बाहेर आलो तरी काकाजी गुंड पोटाशी धरूनच होते. "माझी शेवंता गेली, बाई," ते म्हणाले. मी चिडले. "काहीच्या काही बोलू नका. बातमी आली असती नं!" "कोण देईन बातमी? दोन दिवाळ्या झाल्या, ती भाऊबीजेले आली नाही. मी बी फुगून बसलो. ती नाही येत तं मी काहून जाऊ? भावाचा गुंड बाई आपल्या जित्तेपणी मोडीत नाही देत. म्हातारी गेली का मंग घरचे भांडी काढतात. हे सारं तसंच आलेलं राहते, बाई." त्यांनी मागं दुकानाकडे हात केला. माझा तो डबा, त्याचं ते सुरेख झाकण, तेही कोणाच्या तरी घरून असंच उठून आलं असेल. इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बपेऱ्याच्या किराणा दुकानात फोन होता. मी काकाजींना एस.टी.डी. बूथवर नेलं. त्यांनी नंबर फिरवला, पलीकडे घंटी वाजली आणि यांनी फोन खाली ठेवला.

"काय झालं?"

"उचलला असता तं?"

"अहो, त्याच्यासाठीच तर लावतात फोन!" मी बूथमध्येच ओरडले. पण ते गुंड घेऊन बूथबाहेर पडलेही होते. मी घरी निरोप धाडला आणि आम्ही तुमसरची बस पकडली.

वरठी गेलं, मोहाडी गेली. गुंड काकाजींच्या मांडीवर. बस खड्ड्यात आदळली की गुंड घुमायचा आणि काकाजी दोन्ही हातांनी त्याला दाबून गप्प करायचे. कंडक्टर म्हणाला, "बुवा, गुंड खाली ठेवा, लोकाइले बसू द्या." काकाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढं निघून गेला. तुमसरला बस बदलली. बपेऱ्याला उतरल्यावर मात्र त्यांनी लांबूनच घर दाखवलं आणि तिथंच थांबले. "तुम्ही पुढं जा, बाई. अंगणातली तुळस पाहा. वाळली असन तं मले सांगू नका, असेच वापस चला."

मी गेले. तुळस हिरवीगार होती आणि तिच्या बाजूला खाटेवर एक म्हातारी लाखोळीची डाळ निवडत बसली होती. "कोण होय?" तिनं विचारलं. मी काही सांगायच्या आत काकाजी माझ्या मागून आत आले. त्यांना धीर कुठला!

म्हातारी पाहतच राहिली. "दादा? अन हा गुंड कुठून आणला रे?"

वाटलं होतं, काकाजी रडतील. ते कडाडले. "जित्ती आहेस तं गुंड काहून मोडीत टाकला? भट्टीत जात होता तो! मले वाटलं, मले वाटलं..."

"उचलत नाही रे आता," शेवंताबाई म्हणाल्या. "खांदा धरला. रिकामाच उठत नाही, भरलेला काय उठन? केवढा वजनी करून देला होता तू! सून पाणी भरून जाते वावरात. मधी सरलं तं शेजारणीले हाक मारते."

"अन भाऊबीजेले काहून नाही आली?"

त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. तो छातीशी येऊन थांबला. "इथवरच जाते. कशानं ओवाळू तुले? ताट हातातून पडलं तं चार लोकांत अपशकुन होईन. मंग काय तोंड घेऊन येऊ? तू तरी कुठं आला रे?"

काकाजींनी गुंड आवाज न करता जमिनीवर ठेवला. मग तिच्या खाटेपुढं, शेणानं सारवलेल्या अंगणात, मांडी घालून बसले. मान खाली घातली. "मी असा खाली बसन. एवढ्या खाली तं जाते नं हात?"

"बह्याड आहेस काय रे? आता काय दिवाळी आहे?" म्हातारीनं दटावलं. पण तिचा हात त्यांच्या टकलावर गेला होता आणि तो तिनं काढला नाही. मला तिथं उभं राहवेना. रडू आलं मला.

परतताना काकाजींनी बोअरिंगवरून गुंड भरून आणला आणि तिच्या हाताशी, स्टुलावर ठेवला. वाटेत ते कुठं पाय घसरून पडतात की काय म्हणून मी मागं मागं धावत होते.

पुढच्या आठवड्यात बाजारातून येताना पाहते, तर निमजे काकाजी प्लास्टिकच्या दुकानात! ज्या रस्त्यावर प्लास्टिक टांगलेलं असायचं, तो रस्ता टाळणारा हा माणूस. एकेक गुंडी, म्हणजे लहान गुंडच, उचलून तोलत होते आणि म्हणत होते, "याच्याहून हलकी दाखवा." दुकानदार वैतागून म्हणाला, "काकाजी, याच्याहून हलकी म्हणजे मंग पिशवीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बसस्टँडवर दिसले. हातात लाल गुंडी, आणि ती अंगापासून लांब धरलेली. जवळ जाऊन पाहिलं, तर तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, 'शेवंता हिस, भाऊ नत्थू याजकडून.' प्लास्टिकवर छिन्नी चालत नाही म्हणून गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवणाऱ्याकडून काढून घेतलं होतं. "रंग वाळला नाही अजून," ते म्हणाले. बस लागेपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"वाजवून पाहिली का?" मी चिडवलं.

"पाहिली. काहीच वाजत नाही."

मग इकडंतिकडं पाहून त्यांनी ती एका बोटावर उचलून माझ्यापुढं धरली. "पण वजन पाहा, बाई," ते म्हणाले. "वजन."