स्पंज उकळणाऱ्या सिस्टर

सुलभा सिस्टरांच्या स्वयंपाकघरातून सकाळी कुकरची शिट्टी ऐकू आली, तर भात होतोय असं समजू नये. स्पंज होतोय.

मी जव्हारला कॉलेजात शिकतो आणि सिस्टरांच्या घरामागच्या खोलीत राहतो. राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर कुकर उघडला आणि चिमट्यानं आतून वाफाळलेला, काळपट हिरवा स्पंज बाहेर काढला. मला वाटलं, जव्हारला नाश्त्याला असं काहीतरी खात असतील. मी पोशेऱ्याचा, मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळं एखादी गोष्ट समजली नाही तर गप्प बसायचं, ही माझी सवय. सिस्टरांनी स्पंज उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "निर्जंतुक. चल, पेशंट दाखवते."

पेशंट म्हणजे परसातलं तळं. तळं म्हणायचं ते सिस्टरांच्या प्रेमाखातर. आमच्या पाड्यावरची म्हैस त्यात बसली असती तर पाणी बसलं नसतं. सिमेंटचं, कमरेइतकं खोल, कडेला दोन कर्दळी, आत सोनेरी मासे आणि कोपऱ्यात एक छोटा पंप. पंप पाणी उचलून एका बादलीत टाकायचा, बादलीत गोटे आणि तो स्पंज, आणि गाळलेलं पाणी नळीतून परत तळ्यात पडायचं. रचना सोपी होती. पण पाणी हिरवंगार. मासे तोंड वर काढायचे तेव्हाच आत मासे आहेत हे कळायचं.

सिस्टरांनी सगळी नोकरी मोखाड्याच्या बाजूला सरकारी दवाखान्यांत केली. मूळच्या त्या साताऱ्याकडच्या. बदलीवर इकडं आल्या आणि निवृत्त झाल्यावरही परत गेल्या नाहीत. लग्न केलं नाही. अंगावरचा पांढरा गणवेश गेला, पण बोलण्यातून दवाखाना गेला नाही. माशांना नावं नव्हती, कॉट नंबर होते. "कॉट नंबर दोन काल जेवला नाही." बादली ही तळ्याची किडनी. स्पंज तुंबून पाण्याची धार बारीक झाली की त्या म्हणायच्या, "लघवी कमी झालीय." हे त्या फाटकात उभ्या असलेल्या पोस्टमनलाही सांगायच्या. तो बिचारा पत्र देऊन लगेच निघायचा.

मी तळ्याजवळ उभा राहिलो की हुकूम यायचा, "नातेवाईकांनी गर्दी करू नये." मी एकटाच असायचो.

उपचारांत त्यांनी कसूर ठेवली नव्हती. एकदा पाण्यात जखमा धुवायचं लाल औषध टाकलं. तळं दिवसभर जांभळं दिसत होतं. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "सिस्टर, कोकम सरबत केलंत का हो?" जांभळं गेलं, हिरवं आलं. मग पंपात शेवाळाचे धागे अडकू नयेत म्हणून सिस्टरांनी पंपाला गॉजची पट्टी बांधली. तीही नीट, एकावर एक वेढे देऊन, शेवटी छान गाठ मारून. इतकी सुंदर पट्टी मी माणसाच्या पायावरही पाहिलेली नाही. पंप तासाभरात गुदमरला.

आणि रोज सकाळी न चुकता, स्पंज कुकरमध्ये. गोटेसुद्धा गरम पाण्यानं धुवायच्या, वर डेटॉल.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण एक अडचण होती. सिस्टरांचा भाचा विरारला असतो. प्रसाद त्याचं नाव. त्याचं म्हणणं, परसात डास होतात, मावशी या वयात ओल्या फरशीवर पाय घसरून पडेल, तळं बुजवून तिथं गाडी लावायला जागा करू. फोनवर रोज यावरून वाद. मला खोलीत सगळं ऐकू यायचं. सिस्टर मोठ्या आवाजात भांडायच्या आणि भांडून झालं की त्यांचा चेहरा चांगला तजेलदार दिसायचा. पण एकदा भांडणाच्या भरात त्या बोलून गेल्या, "दिवाळीला ये आणि बघ. पाणी हिरवं दिसलं तर तुझ्या हातानं मुरूम टाक!"

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ तळ्याच्या पायरीवर बसून होत्या. त्यांनी शब्द दिला होता, आणि सिस्टर शब्द फिरवणाऱ्यांतल्या नाहीत. त्या दिवशी स्पंज दोनदा उकळला.

त्याच सुमारास कॉलेजात आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी एक धडा घेतला. माशांची घाण पाण्यात साचते, ती खाऊन शेवाळ माजतं. पण गाळणीत काही जंतू वस्ती करून असतात, ते ही घाण पचवतात. वर्गात मी सहसा मान वर करत नाही. त्या दिवशी केली. मला कुकरची शिट्टी ऐकू यायला लागली. तास संपल्यावर सरांना गाठून, चाचरत, खात्री करून घेतली.

आता हे सिस्टरांना सांगायचं कसं? जन्मभर जंतू मारलेल्या बाईला जंतू पाळा म्हणायचं. दोन संध्याकाळी मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, "काय रे, पोट बिघडलंय का?"

"नाही सिस्टर. ते स्पंजमध्ये... जंतू असतात."

"असतातच. म्हणून तर उकळते."

"ते राहू द्यायचे असतात."

त्यांनी चष्मा काढला. "परत बोल."

"चांगले जंतू असतात ते, सिस्टर. पाणी साफ करणारे."

"चांगला जंतू? एवढ्या नोकरीत मला एक भेटला नाही चांगला जंतू. बायका बाळंत केल्यात मी, अशा दवाखान्यात जिथं नळाला पाणी नसायचं. उकळलं म्हणून वाचल्या. तू मला जंतूंचा चांगुलपणा सांगतोस?"

मी निघणारच होतो. पण ओट्यावर त्यांचं दह्याचं मडकं होतं. आमच्या घरी दही लावायची फारशी रीत नाही. विरजण हा शब्द मी याच घरात नीट शिकलो. सिस्टर गावाहून आणलेलं विरजण वर्षानुवर्षं मोडू देत नाहीत. कुठं जायचं झालं तर चमचाभर दही शेजारच्या काकूंकडं सांभाळायला ठेवून जातात.

मी म्हणालो, "सिस्टर, तो स्पंज म्हणजे तळ्याचं विरजण आहे. तुम्ही रोज विरजण उकळताय."

सिस्टर मडक्याकडं बघत राहिल्या. मग कुकरकडं. मग खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अरे देवा. म्हणजे मीच होय?"

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त सिस्टरच करू जाणे. कुकर उचलून माझ्या हातात दिला. "हा तुझ्या खोलीत ठेव. माझा स्वतःवर भरवसा नाही. डाळ शिजवायची असेल तेव्हा मागून घेईन, आणि शिजेपर्यंत तू इथं उभं राहायचं." मग कामाचं बोलल्या, "पण सगळं तर मेलं असेल. नवं विरजण आणायचं कुठून?"

रविवारी मी पोशेऱ्याला गेलो. आमच्या शेताखालच्या ओढ्यातले बुळबुळीत गोटे वेचले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळले. आई बघत होती. म्हणाली, "नागलीचा पीठ नेत नाय, तांदूळ नेत नाय, न् धोंडं नेतंस? कालेजात ह्याच शिकवतात काय?" जीपमध्ये तर विचारूच नका. गोणपाटातून पाणी गळून शेजारच्या आजोबांचं धोतर भिजलं.

"काय हाये रं त्यात? मासळी?"

"दगड आहेत, बाबा."

"जव्हारात दगड सरले का?" अख्खी जीप हसली. ड्रायव्हर म्हणाला, "ओला दगड हाये, जपून धर, सुकला त मरंल!" तो चेष्टेनं बोलला होता, पण शास्त्राप्रमाणं बरोबर होतं. मी गोणपाट आणखी घट्ट धरलं.

गोटे बादलीत गेले. पंपाला गॉजऐवजी मी कांद्याच्या जाळीची पिशवी बांधली. माझी गाठ पाहून सिस्टरांनी नाक मुरडलं, पण सोडली नाही. शेवाळाचे लांब धागे काठीला गुंडाळून बाहेर काढले. माशांचं खाणं निम्मं केलं, कारण उरलेलं खाणं कुजतं आणि शेवाळाचं फावतं, असं सरांनी सांगितलं होतं. "हलका आहार," सिस्टर म्हणाल्या. हे त्यांना लगेच पटलं. स्पंज अगदीच तुंबला तर तळ्याच्याच पाण्यात दोनदा दाबायचा, नळाचं पाणी लावायचं नाही. तो चहाच्या रंगाचा झालेला स्पंज बघून त्यांचे हात शिवशिवायचे. मग त्या हात मागं बांधून फेऱ्या मारायच्या आणि स्वतःलाच बजावायच्या, "विरजण आहे. विरजण आहे."

पाणी आधी आणखी बिघडलं. मग फिकं झालं. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी सिस्टरांनी मला हाका मारून बाहेर काढलं. तळाशी पडलेलं एक वाटीचं झाकण दिसत होतं. त्यांनी ते वर्षभर शोधलं होतं.

प्रसाद आला. पावलांनी परस मोजत आला होता, तो तळ्याशी थांबला. मासे बघितले, फोटो काढले. म्हणाला, "मानलं मावशी! म्हणजे आता काही काळजी नाही. मग मी निघतो, घाटात अंधार नको." सिस्टरांनी पुरणाचा घाट घातला होता. त्यानं डब्यात दोन पोळ्या घेतल्या आणि तो गेला. तळं वाचलं. मला फार आनंद झाला. मी त्या रात्री घरी फोन करून आईलाही सांगितलं.

त्यानंतर घर चांगलंच शांत झालं. सकाळची शिट्टी नाही. फोनवरचं भांडण नाही, कारण भांडायला विषय नाही. प्रसादचा फोन यायचा, "बरं आहे ना? बरं," एवढ्यात संपायचा. शेजारच्या काकूही कुंपणाशी थांबेनात. नितळ पाण्यात बघण्यासारखं तसं काय असतं? माझी परीक्षा जवळ आली होती, मीही सरळ खोलीत जायचो.

एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो. सिस्टर तळ्याच्या पायरीवर बसून माशांना खाणं टाकत होत्या. चिमूटभर नाही, मूठमूठ. दाणे पाण्यावर थरानं पसरले होते. मासे खाऊन कंटाळले होते.

"सिस्टर, एवढं नको. पाणी परत हिरवं होईल."

"माहीत आहे मला."

"मग?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "थोडं होऊ दे की. फार नाही. थोडं." मग जरा थांबून, डॉक्टरांना रोजचा अहवाल द्यावा तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "ठणठणीत बऱ्या माणसाकडं कोण येतं रे? दवाखान्यातसुद्धा नाही येत. डिस्चार्ज झाला की पेशंट मागं वळून बघत नाही. आम्हाला त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण दुसरा आलेला असायचा."

असं कुणी बोललं की काय म्हणायचं, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं नाही, आणि घरी आम्ही अशा वेळी नुसते बसून राहतो. म्हणून मी दप्तर खाली ठेवलं आणि पायरीवर बसलो.

सिस्टरांनी लगेच माझ्या कपाळाला हात लावला. "काय होतंय?"

"काही नाही होत, सिस्टर."

"मग?"

"काही नाही. असाच आलोय. बसायला."

त्यांनी हात तसाच थोडा वेळ कपाळावर ठेवला. ताप नव्हता. मग खाण्याच्या डब्याचं झाकण लावलं आणि मला नीट बसता यावं म्हणून पायरीवर जरा सरकल्या.